न बसवलेला खटका

घर तापवणारी फर्नेस वर्षात पहिल्यांदा सुरू होते तेव्हा घरभर एक वास पसरतो. उन्हाळाभर पाइपांत साचलेली धूळ जळते, त्याचा. सातासमुद्रापलीकडच्या किचनर गावातल्या या घरात मी गेली चाळीसहून अधिक वर्षं राहतोय आणि दर वर्षी ऑक्टोबर सरता सरता एखाद्या सकाळी हा वास येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या दिवसांत विंटर टायर लावायची आठवण होते. मला बेसमेंटमध्ये उतरायची होते.

उन्हाळ्यात आमचं बेसमेंट ओल धरतं, आणि फर्नेस लागली की हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. या दोन ऋतूंच्या सांध्यावर जुन्या पिस्तुलांना जपावं लागतं. लोखंडाला गंज चढू नये, अक्रोडाच्या मुठीला चीर जाऊ नये. स्टीलचं कपाट उघडायचं. एकेक पिस्तूल काढायचं, त्याचं कुलूप काढायचं, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये करंगळी घालून आत काही नाही याची खात्री करायची. मग जुन्या बनियनच्या फडक्यावर ते सुटं करायचं. तेलाचा थेंब किती, तर सुईच्या टोकावर राहील एवढा. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. ही कामं करताना मी कोणाशी बोलत नसे. जिन्याच्या वरून शैलाचा आवाज यायचा, "देवापुढच्या समईत तेल आहे की नाही ते बघायला फुरसत नाही, आणि ह्या लोखंडांना मात्र बाळंतिणीसारखं चोळताय!"

शैला जाऊन सहा वर्षं झाली. पुढे जे लिहिणार आहे ते मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

यंदाचा नोव्हेंबर शेवटचा. आता इथल्या कायद्यानं पिस्तूल विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. मी मेलो की प्रश्न निखिलचा. निखिल वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन मुलींचा बाप आहे. फोनवर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आय डोन्ट वॉन्ट देम इन माय हाउस. तुम्ही आहात तोवर पोलिसांना कॉल करा, ते येऊन घेऊन जातील." बरोबर आहे त्याचं. मी फोन केला. तारीख ठरली. सहा पिस्तुलं सुटी करून, पुसून, पुन्हा जोडून ठेवली. जी वितळवली जाणार आहेत त्यांना तेल कशाला, असं कोणी विचारेल. हाताला दुसरं काही येत नाही.

सहा पिस्तुलं, आणि कपाटाच्या वरच्या खणात औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली. तिच्यात तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळलेला, अंगठ्याच्या पेराएवढा पोलादाचा एक तुकडा. गेली एकोणीस वर्षं दर नोव्हेंबरात मी त्यालाही तेल लावत आलो. तो ज्या पिस्तुलाचा होता ते केव्हाच नष्ट झालं. हा लेख त्या तुकड्याबद्दल आहे.

दिनकर आणि मी पुण्याला एकाच कारखान्यात उमेदवारी केली, आणि वर्षभराच्या अंतरानं इकडे आलो. किचनरला तेव्हा कारखाने होते. आम्ही दोघं एकाच टूलरूममध्ये लागलो. दिनकरचा हात माझ्याहून वरचा. घासलेल्या पत्र्यावरून तो अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं अर्धा केस जास्त आहे." मायक्रोमीटर लावला की अर्धा केसच निघायचा. आमचा जर्मन फोरमन त्याचा अंगठा धरून सगळ्यांना दाखवायचा, जसा काही तो कारखान्याच्या मालकीचा आहे.

पिस्तुलांचा नाद मला त्या फोरमनमुळे लागला आणि माझ्यामुळे दिनकरला. आम्हाला युद्धाचं प्रेम नव्हतं. मारामारीचंही नाही. आम्हाला काम दिसायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षातलं जर्मन पिस्तूल हातात घेतलं की त्याचा पृष्ठभाग तळ्याच्या पाण्यासारखा लागतो. शेवटच्या वर्षातलं घेतलं की त्यावर कटरचे ओरखडे तसेच. पॉलिश करायला वेळ नव्हता, धड पोलाद नव्हतं, माणसंही नव्हती. देश हरत चालला होता हे त्या ओरखड्यांवरून वाचता यायचं. त्या यंत्रांवर उभे असलेल्यांतले किती जण कैदी होते, किती उपाशी होते, हे मात्र आम्ही वाचत नव्हतो. ते पिस्तूल पुढं कोणावर रोखलं गेलं हेही नाही. आम्ही भिंग घेऊन बघायचो ते एवढंच, की प्रत्येक भागावर त्या वर्षीच्या तपासनिसाचा शिक्का आहे की नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांना हे समजावून सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. जुन्या पिस्तुलाची किंमत त्याच्या नळीत नसते. ते कारखान्यातून निघालं तेव्हाचे सगळे भाग त्यात आजही आहेत का, यात ती असते. क्रमांक जुळले पाहिजेत, शिक्के जुळले पाहिजेत. एक स्प्रिंग बदलली तरी जाणकार नाक मुरडतो. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे भाग झिजलेले असतात. म्हणून आमच्यात एक रीत आहे. दोन संच ठेवायचे. मूळ शिक्क्याचे भाग देखाव्यासाठी. त्यांच्या जागी बसणारे, पुढे कधीतरी बनलेले, शिक्का नसलेले पण धडधाकट भाग नेमबाजीसाठी. प्रदर्शनाला जाताना पहिला संच बसवायचा, रेंजवर जाताना दुसरा. यात कधीही चूक होता कामा नये.

माझ्याकडे महायुद्धातलं एक जर्मन पिस्तूल होतं. त्याला एक खास सोय होती. गोळी आत असताना सेफ्टीचा खटका खाली केला की वर ताणलेला घोडा आपोआप पडतो, पण खटक्याचा आतला भाग आड येतो आणि घोड्याचा आघात गोळीपर्यंत पोहोचत नाही. चापाला हातही न लावता पिस्तूल निर्धोक होतं. हुशार रचना. पण तो आतला भाग झिजला की आघात अडत नाही. माझ्या पिस्तुलातला मूळ खटका झिजलेला होता. मला ते माहीत होतं. मीच मोजलं होतं. म्हणून नेमबाजीसाठी मी दुसरा खटका मिळवला होता, नवा, घट्ट, बिनशिक्क्याचा. तोच त्या बाटलीत आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. हिरवं कापड घातलेली लांबलचक टेबलं, कोपऱ्यात कॉफीचं पिंप, बटर टार्ट विकणाऱ्या आज्या, सगळ्यांच्या कोटावर युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक नव्वदीचा म्हातारा बसला होता. तो खरा लढलेला. त्यानं माझं पिस्तूल पाहिलं, मान दुसरीकडे वळवली आणि कॉफी पीत राहिला. मला तेव्हा त्याचा राग आला. परीक्षकानं माझ्या पिस्तुलाचा प्रत्येक भाग भिंगाखाली धरला आणि मला लाल रिबन दिली. इथं पहिला नंबर लाल रिबनीचा असतो. शिंपी मास्तरांच्या या वसंताला शाळेतसुद्धा कधी पहिला नंबर मिळाला नव्हता.

पुढच्या रविवारी एक संग्राहक त्या पिस्तुलाचे फोटो काढायला येणार होता. म्हणून मी मूळ भाग तसेच ठेवले. खटका काढताना स्क्रूड्रायव्हर घसरला तर पृष्ठभागावर ओरखडा येतो. उगाच दोनदा कशाला काढ-घाल?

मधल्या शनिवारी सकाळी दिनकरचा फोन आला. "वश्या, आज रेंजचा शेवटचा दिवस. उद्यापासून बर्फ. ते तुझं रिबनवालं जर्मन आण की! आम्हा गरिबांना दर्शन तरी घडू दे."

"म्युझियममधली वस्तू आहे ती," मी म्हणालो.

"मग तिकीट किती लावतोस ते सांग."

मी आणलं. नवा खटका टूलबॉक्समध्ये टाकून आणला, तिथं गेल्यावर बदलू म्हणून. दहा मिनिटांचं काम. पण थंडी अशी होती की बोटं वाकत नव्हती, आणि रेंजवर पोचलो तेव्हा जो तो माझं अभिनंदन करत होता. शिक्के दिसावेत असं मला वाटत होतं. हेही लिहितो. त्या सकाळी लोकांनी पिस्तूल हातात घेऊन शिक्के पाहावेत असं मला वाटत होतं.

दिनकरनं दोन मॅगझिन चालवली. मी त्याच्यामागं दोन पावलांवर उभा होतो. त्याच्या हातातल्या पिस्तुलाचा तो झिजलेला खटका बघून माझ्या मनात आलं, त्याला सांगायला हवं. दिन्या, खटका वापरू नकोस. चार शब्द. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "व्हॅस! आय हर्ड अबाउट द रेड रिबन!" आणि मी हसत तिकडं वळलो.

रेंजची देखरेख गॉर्डकडं असायची. निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर. सगळ्या मोठ्या माणसांशी तो बसमधल्या पोरांशी बोलावं तसा बोलायचा. "ओके किड्स, सीज फायर! माय टोज आर फ्रोझन, लेट्स चेंज द टारगेट्स." दिनकरच्या तिसऱ्या मॅगझिनमध्ये अजून गोळ्या होत्या. त्यानं नियम पाळला. आधी सेफ्टी, मग मॅगझिन बाहेर. हा क्रम त्याला मी शिकवला होता. त्यानं पिस्तुलाचं तोंड समोर, खाली ठेवलं आणि अंगठ्यानं खटका दाबला.

आवाज झाला. गोळी टेबलाच्या लोखंडी पायाला लागून उलटली आणि गॉर्डच्या गुडघ्यात गेली.

गॉर्ड ओरडला नाही. तो हळूच खाली बसला, थकल्यासारखा, आणि "ओ बॉय," म्हणाला. मग पुन्हा एकदा, "ओ बॉय." पडलेल्या पानांवर बर्फाची भुकटी होती. तिच्यावर लाल रंग इतका उजळ दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतरच्या कुठल्याही नोव्हेंबरात मला पॉपी कोटाला लावता आलेली नाही.

अँब्युलन्स गेल्यावर क्लबच्या खोलीत आम्ही दोघंच पोलिसांची वाट बघत बसलो. दिनकरच्या हातात कॉफीचा कप होता, त्यानं तो तोंडाला लावला नाही.

"वश्या, मी फक्त सेफ्टी लावली रे. चापाला माझं बोट नव्हतं."

मी कोटाची बटणं काढू लागलो.

"नव्हतं ना? तू मागंच होतास."

मला त्या क्षणी काय दिसत होतं ते सांगतो. माझं लायसन्स, माझं कपाट, क्लब, शैलाचा चेहरा, कोर्ट. सगळं एका रांगेत. आणि मी म्हणालो, "असेल रे नकळत लागलेलं. थंडीत बोटांना कळत नाही."

"तुला दिसलं?"

"हो," मी म्हणालो. "मला वाटतं, दिसलं."

दिनकरनं उजवा हात समोर धरला आणि त्या बोटाकडं पाहिलं. परक्याचं बोट आपल्या हाताला लागलंय अशा नजरेनं. तरुण पोलीस आला तेव्हा काही विचारायच्या आत दिनकर म्हणाला, "माय फिंगर, सर. माय मिस्टेक." मग त्या पोरानं मला विचारलं, पिस्तूल नीट चालतं का? मी म्हणालो, "येस. आय मेंटेन इट मायसेल्फ." दिनकरनं कबूल केल्यावर ते पिस्तूल उघडून बघायची कोणाला गरज वाटली नाही. ते जप्त झालं, पुढं वितळवलं गेलं, माझ्या रिबनीच्या शिक्क्यांसकट.

दिनकरला कोर्टानं दोषी धरलं. क्लबनं काढून टाकलं. या गोष्टी माणूस विसरतो. पण त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. टूलरूममध्ये तो तेच माप तीन-तीनदा घेऊ लागला. अंगठा फिरवून बघायचं त्यानं सोडलं. वर्षभरात नोकरी सोडली, मायक्रोमीटर टूलरूममधल्या एका पोलिश पोराला देऊन टाकले. मग गाडी चालवणं बंद. "माझं बोट मला न विचारता हलतं," तो म्हणायचा, "पायाचं काय सांगावं?" लोकांना तो विनोद वाटायचा. बायको गेल्यावर तो मुलीकडं स्कारबरोला राहायला गेला. गॉर्ड काठी टेकत चालायचा, चार वर्षांपूर्वी वारला. आणि मी दर दिवाळीला दिनकरकडं जात राहिलो. त्याच्या शेजारी बसून चकल्या खाल्ल्या. त्यानं "मी असा कसा हलगर्जी झालो रे" म्हटलं की मी त्याच्या पाठीवर हात ठेवायचो.

पिस्तूल सांभाळणारा माणूस गंजाला फार भितो. गंज बाहेरून लागतो अशी आमची समजूत असते. मी चांगला सांभाळ केला. कपाटातल्या एकाही वस्तूला एकोणीस वर्षांत डाग पडला नाही.

मागच्या रविवारी बाटली खिशात घालून मी स्कारबरोला गेलो. चारशे एक नंबरच्या हायवेवर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. दार दिनकरच्या मुलीनं उघडलं. मीनल इथंच वाढली, आता पन्नाशीची आहे. "काका! इन दिस वेदर? कम, कम. बाबा, वसंतकाका आलेत." आणि ती चहा टाकायला आत गेली.

दिनकर खिडकीशी बसला होता. मी बसलो आणि सांगून टाकलं. तुझं बोट नव्हतं. खटका झिजलेला होता. मला माहीत होतं.

तो हसला. "म्हातारपणी पुण्य जोडायला निघालास होय रे? राहू दे. माझं मी पचवलंय."

"दिन्या, खरं सांगतोय."

"वश्या, तू चांगला मित्र आहेस. पण तू स्वतः पाहिलंस. तूच म्हणालास."

मला वाटलं होतं तो चिडेल, रडेल. तो माझी समजूत घालत होता. मग मी बाटली उघडली आणि खटका त्याच्या तळहातावर ठेवला. मग त्याचा अंगठा आपसूक हलला. आतल्या कडेवरून एकदा गेला, परत आला.

"हा कोरा आहे," तो म्हणाला. "हा कधी फारसा चाललाच नाही."

"नाही."

"हा त्याच पिस्तुलाचा?"

"हो."

"ते तर वितळवलं." तो थांबला. "हा तुझ्याकडं राहिला. म्हणजे त्या दिवशी तो त्यात नव्हता."

"नव्हता."

"आणि बोट?"

"मला काही दिसलं नव्हतं, दिन्या. मी तेव्हा बघतसुद्धा नव्हतो."

मीनल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं ट्रे खाली ठेवला. "काका, तुम्ही दर दिवाळीला आमच्याकडे आलात. एव्हरी सिंगल दिवाळी. अँड यू न्यू?"

"हो."

"आईला वाटायचं बाबांना काहीतरी आजार आहे. शी टुक हिम टु थ्री डॉक्टर्स. फॉर हिज हँड्स." मग ती म्हणाली, "आय थिंक यू शुड गो."

मी उठलो. दिनकर म्हणाला, "बस."

त्यानं खटका मुठीत धरला होता. त्याचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आजही येत नाही. माफ केलं असं तो म्हणाला नाही. शिवीही दिली नाही. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं. मीनलनं दिवा लावला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"गॉर्डची बायको आयरीन अजून आहे," तो शेवटी म्हणाला. "दर ख्रिसमसला मी तिला कार्ड पाठवतो. आत हातानं लिहितो, आय ॲम सॉरी फॉर व्हॉट आय डिड. गॉर्ड होता तोवर त्याला, आता तिला. ती कधी उत्तर देत नाही."

त्यानं मुठीतला खटका दुसऱ्या हातात घेतला.

"यंदा ते तू पाठवायचं. तुझ्या नावानं. आणि माझं बोट नव्हतं हे त्यात लिहायचं. पेन आहे ना?"

माझ्या खिशात पेन होतं. कागद नव्हता. मीनलनं फ्रिजवरचा ग्रोसरीचा पॅड आणून माझ्यापुढं टाकला. दिनकर खिडकीबाहेर बघत पत्ता सांगू लागला, पाठ असलेला, रस्त्याच्या नावाचं एकेक अक्षर सुटं करून. मी लिहीत गेलो.

"पोस्टल कोड पुन्हा वाचून दाखव," तो म्हणाला. "त्यात चूक झाली की कार्ड परत येतं."